सामाजिक धोरण आणि संशोधनपद्धती : एका पदव्युत्तर विषयाची ओळख

निराधार स्त्रीला मिळणारे मासिक साहाय्य, शाळेतील मुलांचे माध्यान्ह भोजन, गर्भवती मातेची तपासणी, रास्त भावाच्या दुकानातील धान्य, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावाचे पुनर्वसन – या गोष्टी वरवर पाहता एकमेकींपासून दूरच्या वाटतात. परंतु या साऱ्यांच्या मुळाशी तीन प्रश्न समान आहेत. साहाय्याची गरज नेमकी कोणाला आहे? ती किती जणांना आहे? आणि दिलेल्या साहाय्याने त्यांच्या जीवनात खरोखर काही पालट झाला काय? या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने, ओळखीने किंवा ऐकीव माहितीवर देता येत नाहीत. ती शोधून काढावी लागतात. हे शोधण्याचे जे शास्त्र आहे त्यास सामाजिक संशोधनपद्धती असे म्हणतात. आणि मिळालेल्या उत्तरांवरून राज्याने काय करावे याचा जो विचार होतो, तो सामाजिक धोरणाचा विषय होय.

आज अनेक विद्यापीठांत या दोन्ही विषयांचे अध्यापन पदव्युत्तर पातळीवर होते. तथापि खेड्यापाड्यांतील पदवीधर, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांना त्यांचा फारसा परिचय नसतो. तो करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषयाचा उगम

दारिद्र्य हे आळसाचे किंवा दुर्गुणांचे फळ आहे, अशी समजूत एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात रूढ होती. चार्ल्स बूथ या जहाजमालकाने १८८६ मध्ये लंडन शहराची पाहणी सुरू केली. शाळेत न येणाऱ्या मुलांच्या घरी जाणाऱ्या तपासनिसांकडून त्याने घरोघरची माहिती मिळविली. १७ खंडांत प्रसिद्ध झालेल्या या पाहणीतून लंडनमधील सुमारे ३० टक्के लोक दारिद्र्यात राहतात असे दिसून आले. पुढे १८९९ मध्ये सीबोम राउंट्री याने यॉर्क शहरातील ११,५६० श्रमिक कुटुंबांची घरोघर जाऊन पाहणी केली. तेथेही शहराच्या लोकसंख्येपैकी सुमारे २८ टक्के लोक दारिद्र्यात आढळले. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, रोज कामावर जाणाऱ्या कित्येक माणसांचे कुटुंबही उपाशी राहत होते. कारण मजुरीच अपुरी होती. मूल लहान असताना, स्वतःची मुले लहान असताना आणि म्हातारपणी अशा तीन वेळा श्रमिकाच्या आयुष्यात दारिद्र्य येते, हेही त्याने दाखवून दिले. इंग्लंडात १९०६ मध्ये शालेय भोजनाचा आणि १९०८ मध्ये वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला. त्यामागील लोकमत घडविण्यात अशा पाहण्यांचा वाटा मोठा होता.

या विषयाच्या विद्यापीठीय उभारणीत एका भारतीयाचाही हात आहे. सर रतन टाटा यांच्या देणगीतून दारिद्र्याच्या कारणांचा अभ्यास करण्यासाठी लंडन विद्यापीठात एक प्रतिष्ठान स्थापन झाले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थेत १९१२ पासून सामाजिक शास्त्राच्या अध्यापनास आधार मिळाला. आर. एच. टॉनी हे त्या प्रतिष्ठानाचे संचालक होते. किमान वेतनाचा कामगारांवर काय परिणाम होतो, यासंबंधीचे त्यांचे सुरुवातीचे अभ्यास तेथेच झाले.

आपल्या भूमीतील परंपरा

असा विचार आपल्याकडे परदेशातूनच आला असे मात्र नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये प्रथम अमरेली तालुक्यात केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानास लागू केला. आधी मर्यादित क्षेत्रात अनुभव घ्यावा, अडचणी पाहाव्यात आणि मगच योजना सर्वत्र न्यावी, हा धोरणशास्त्रातील धडा त्यातून मिळतो.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून तो १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. याच सुमारास बडोदे संस्थानातही जमिनीच्या तुकड्यांचे एकत्रीकरण करण्यासंबंधी एका समितीने विचार केला होता. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेत शिकावयास गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ मध्ये लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. तुकडे जोडल्याने प्रश्न सुटणार नाही; शेतीवर गरजेपेक्षा अधिक माणसे अवलंबून आहेत व त्यांना उद्योगांत काम मिळाले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. जमीन लहान होत आहे ही वस्तुस्थिती सर्वांनाच मान्य होती. तिचे कारण कोणते यावर मतभेद होता आणि कारण बदलताच उपायही बदलला. आकडे गोळा करणे हे अर्धेच काम आहे, हे यावरून ध्यानात यावे.

पुढे १९३० मध्ये पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळ हे तिचे पहिले संचालक होत. मुंबईत १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा यांच्या नावाची संस्था सुरू झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. इंदूर येथील समाजकार्य महाविद्यालय १९५१ मधील आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभारण्याचे काम एम. एन. श्रीनिवास यांनी १९५१ पासून केले. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची केलेली पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. धरण झाले, वीज आली; पण उठवलेली माणसे कोठे गेली, हा प्रश्न तिने विचारला.

पहिला पाठ : नमुना

शितावरून भाताची परीक्षा होते, असे आपण म्हणतो. नमुना पाहणीचे तत्त्व हेच आहे. परंतु ही परीक्षा खरी ठरते ती भात नीट ढवळलेला असेल तरच. तळचा भात करपलेला असताना वरचे शीत पाहून निर्णय दिला, तर तो चुकीचा ठरतो.

१९३६ मध्ये अमेरिकेतील एका साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा कौल अजमावण्यासाठी सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठविल्या. त्यांतील २३ लाखांहून अधिक भरून परत आल्या. त्यांवरून लँडन हे निवडून येतील असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. साप्ताहिकाने नावे घेतली होती ती मुख्यतः टेलिफोन व मोटार बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून, आणि उत्तरे पाठविली ती ज्यांना उत्साह होता त्यांनी. गरिबांचे मत त्यात आलेच नाही. नमुन्याचा आकार मोठा असला म्हणजे तो प्रातिनिधिक असतो असे नाही, हे या घटनेने जगाला शिकविले.

आपल्या गावातही हीच चूक होऊ शकते. पाहणी करणारा मनुष्य दुपारी येतो, रस्त्यालगतच्या चार घरांत बसतो, आणि ज्या घराला कुलूप असेल ते सोडून शेजारच्या घराची माहिती लिहून घेतो. पण घराला कुलूप का असते? घरातील सारी माणसे मजुरीवर गेलेली असतील, किंवा कुटुंब कामधंद्यासाठी परगावी वा परदेशी असेल. म्हणजे कुलूप असलेले घर हे शेजारच्या उघड्या घरासारखे नसतेच. म्हणून अशा घरी सकाळी किंवा सायंकाळी पुन्हा गेले पाहिजे. असा हेलपाटा घालण्याचा कंटाळा केला, तर गावातील सर्वांत कष्टकरी कुटुंबेच कागदावरून नाहीशी होतात.

दुसरा पाठ : प्रश्न आणि आठवण

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर अवलंबून असते. “गेल्या ३० दिवसांत कपड्यांवर किती खर्च केला?” असे विचारल्यास बहुतेक गरीब घरांतून “काहीच नाही” असे उत्तर येईल, कारण कपडे चतुर्थीला किंवा दिवाळीला घेतले जातात. तोच प्रश्न “गेल्या ३६५ दिवसांत” असा विचारला, तर काही रक्कम निश्चित सांगितली जाईल आणि त्या घराचा मासिक खर्च थोडा वाढलेला दिसेल.

हा भेद किरकोळ नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीचे काम आपल्या देशात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सुरू झाले. तिच्या २००४–०५ च्या फेरीत कपडे, पादत्राणे, शिक्षण, रुग्णालयातील उपचार व टिकाऊ वस्तू यांच्यावरील खर्च दोन्ही कालावधींसाठी विचारला गेला. सर्व वस्तूंसाठी ३० दिवसांचा काळ धरला असता देशातील २७.५ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली ठरले; वरील वस्तूंसाठी ३६५ दिवसांचा काळ धरला असता हेच प्रमाण २१.८ टक्के झाले. माणसांच्या संख्येत हा फरक ६ कोटींहून अधिक होतो. त्या ६ कोटी लोकांच्या ताटात एका घासाचीही वाढ झालेली नव्हती. फक्त प्रश्नातील दिवस बदलले होते. दारिद्र्याची दोन सालांची तुलना करताना प्रथम प्रश्नावली सारखीच होती काय, हे पाहणे किती अगत्याचे आहे ते यावरून कळेल.

तिसरा पाठ : सरासरी

पाच कुटुंबांच्या वाडीत चार कुटुंबांचे मासिक उत्पन्न प्रत्येकी ८,००० रुपये आहे आणि पाचव्याचे १,६८,००० रुपये आहे असे समजा. पाचांची सरासरी ४०,००० रुपये येते. हिशोब बिनचूक आहे. पण वाडीतील एकाही घराचे उत्पन्न ४०,००० नाही. तीच पाच उत्पन्ने चढत्या क्रमाने मांडून मधले पाहिले, तर ते ८,००० येते. या मधल्या आकड्यास मध्यका म्हणतात. ज्या राज्याचे दरडोई उत्पन्न देशात उंच आहे, त्या गोव्यासारख्या राज्यात तर सरासरीवर विसंबून राहणे अधिकच धोक्याचे होय. सरासरी सुस्थितीत दिसते म्हणून वाडीतील चौघांचे साहाय्य थांबविणे कोणत्याही न्यायात बसत नाही.

चौथा पाठ : तुलना

योजना सुरू केली आणि स्थिती सुधारली, एवढ्यावरून योजनेमुळेच ती सुधारली असे सिद्ध होत नाही. पाऊस चांगला पडला असेल, रस्ता झाला असेल. म्हणून योजना असलेल्या गावांची तुलना ती नसलेल्या तशाच गावांशी करावी लागते.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने केलेला अभ्यास याचे उत्तम उदाहरण होय. नवजात बालकांचे मृत्यू रुग्णालयाविना थांबणार नाहीत, असे तेव्हा मानले जात असे. संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना बाळाचे वजन घेणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखणे व त्यावर उपचार करणे यांचे शिक्षण दिले. शेजारची ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत नवजात बालकांच्या घरोघर देखभालीचा कार्यक्रम देशभर हाती घेतला. बाळंतिणीच्या घरी ठराविक दिवशी येऊन बाळाचे वजन करणारी आशाताई ही एका काटेकोर संशोधनाचे फलित आहे.

या अभ्यासाला पाया होता तो अचूक नोंदीचा. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहिला गेला म्हणूनच फरक मोजता आला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रातील कित्येक बालमृत्यू सरकारी दप्तरात नोंदलेच जात नाहीत हे दाखवून दिले होते. ज्या बालकाचा मृत्यू नोंदला गेला नाही, त्याच्या भावंडांसाठी औषधाची तरतूद कोणत्या आधारावर व्हावी? नोंदवहीतील कमी आकडा तालुक्याची शोभा वाढवितो. पण पुढच्या वर्षीच्या बाळाचा आधार काढून घेतो. शासकीय सेवकांनी ही गोष्ट विशेषकरून मनावर घेण्यासारखी आहे.

पाचवा पाठ : माणसांत राहणे

प्रत्येक गोष्ट मोजता येत नाही. नळ आला असूनही बाया विहिरीवर का जातात, साहाय्याचा अर्ज भरण्यास वृद्ध का संकोचतात, मुलगी सातवीनंतर शाळेतून का काढली जाते, हे प्रश्नावलीतील चौकटीत मावत नाही. त्यासाठी गावात राहावे लागते, ऐकावे लागते आणि त्यांची भाषा जाणावी लागते. एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. सीमाभागात किंवा गोव्यात काम करणाऱ्या अभ्यासकास घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी असा अनुभव येतो. अशा ठिकाणी प्रश्न कोणत्या भाषेत विचारला, हीदेखील संशोधनातील नोंद ठरते.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

पदव्युत्तर अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचा असतो. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार एका वर्षाचीही सोय आहे. अभ्यासाचे विषय साधारणतः पुढीलप्रमाणे असतात : सामाजिक धोरणाचा इतिहास व विचार, राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वे आणि सामाजिक कायदे, दारिद्र्य, आरोग्य, शिक्षण व रोजगार यांसंबंधीची धोरणे, प्राथमिक सांख्यिकी, प्रश्नावली व मुलाखत, क्षेत्रीय अभ्यास, योजनांचे मूल्यमापन, आणि शेवटी विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या पाहणीवरील प्रबंधिका.

हा विषय वेगवेगळ्या नावांनी शिकविला जातो. कोठे तो समाजकार्याचा भाग असतो, कोठे समाजशास्त्राचा, अर्थशास्त्राचा, लोकप्रशासनाचा किंवा ग्रामविकासाचा. म्हणून विद्यार्थ्यांनी केवळ नाव न पाहता अभ्यासपत्रिका पाहावी. मुंबईची टाटा संस्था व पुण्याची गोखले संस्था यांचा उल्लेख वर आलाच आहे. याखेरीज गोवा विद्यापीठ, बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ग्वाल्हेरचे जिवाजी विद्यापीठ व हैदराबाद विद्यापीठ येथे सामाजिक शास्त्रांच्या शिक्षणाची सोय आहे. नोकरी सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे मार्ग खुले आहेत. प्रवेशाचे नियम व शुल्क यांत वेळोवेळी बदल होत असल्याने ती माहिती संबंधित संस्थेकडूनच घ्यावी.

गणिताच्या भीतीने कला शाखेच्या पदवीधरांनी या विषयाकडे पाठ फिरवू नये. टक्केवारी, सरासरी व आलेख समजणाऱ्यास पुढची सांख्यिकी प्रयत्नाने साध्य होते. लोकांशी बोलण्याची हातोटी आणि ऐकलेले जसेच्या तसे लिहिण्याचा प्रामाणिकपणा या दोन गोष्टी मात्र बरोबर आणाव्या लागतात.

शिक्षकांसाठी एक प्रात्यक्षिक

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांनाही या पद्धतीची ओळख करून देता येईल. गावातील सर्व घरांची वाड्यांनुसार क्रमवार यादी करावी. घरे ३०० आहेत असे धरू. १ ते १० या आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचलावी. ती ४ ची निघाली, तर ४, १४, २४ याप्रमाणे पुढे जावे. ३० घरे मिळतील. प्रत्येक घरी एकच साधा प्रश्न विचारावा : पिण्याचे पाणी आणण्यास काल किती वेळ लागला आणि ते कोणी आणले? “रोज किती वेळ लागतो” असे न विचारता “काल” असे विचारावे, म्हणजे अंदाजाऐवजी आठवण मिळते. घर बंद असल्यास दोनदा पुन्हा जावे. उत्तर देणाऱ्याची आधी परवानगी घ्यावी आणि वहीत नाव न लिहिता फक्त क्रमांक लिहावा. शेवटी वाडीवार मध्यका काढून ती ग्रामसभेपुढे मांडावी. विद्यार्थी, शिक्षक व पंच यांना आपल्याच गावाविषयी काही नवे कळल्याखेरीज राहणार नाही.

उत्तर देणाऱ्याचे स्थान

शेवटी ज्याच्याविषयी हे सारे चालते, त्या ग्रामस्थाचा विचार केला पाहिजे. पाहणीसाठी आलेल्या व्यक्तीस ओळखपत्र दाखविण्यास सांगणे आणि माहिती कशासाठी हवी आहे ते विचारणे हा त्याचा हक्क आहे. जनगणनेत दिलेली वैयक्तिक माहिती १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार गुप्त राखली जाते. आपल्या उत्तरामुळे शिधापत्रिका जाईल किंवा कर वाढेल, या भीतीने अनेक जण उत्तर बदलून सांगतात. अशा भीतीचे निरसन करणे हे पाहणी करणाऱ्याचे कर्तव्य होय. आणि तिचे निरसन झाल्यावर खरे सांगणे हे नागरिकाचे. कारण एका घराने दिलेले उत्तर नमुना पाहणीत शेकडो घरांच्या वतीने दिलेले असते.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ भरली. २०२१ ची जनगणना कोविडच्या साथीमुळे लांबणीवर पडली आणि त्यामुळे इतकी वर्षे अनेक योजनांना जुन्याच आकड्यांचा आधार घ्यावा लागला. या काळात जन्मलेले मूल, लग्न होऊन आलेली सून, परप्रांतातून पोट भरण्यासाठी आलेला मजूर यांपैकी कोणीही त्या आकड्यात नाही. नव्या गणनेच्या वेळी सुशिक्षित, प्रशिक्षित आणि सचोटीच्या माणसांची मोठी गरज भासेल. ती माणसे आपल्याच गावांतून तयार व्हावीत, गावाची भाषा आणि गावाची कुलपे त्यांना ठाऊक असावीत, या दृष्टीने आपल्या तरुण पदवीधरांनी या अभ्यासाकडे वळणे इष्ट ठरेल.